अष्टपरिष्कार आणि सायकलीची पिशवी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासाच्या शिक्षकास शोभेल असा लेख मागितला होता. मी देतो आहे तो मात्र सायकलीवरून लांब निघताना जवळ काय बाळगावे, याविषयीचा पाठ. संपादकांनी प्रथम थोडी नापसंती दाखवली. मग मी त्यांना या पाठाचे मूळ विनयपिटकात आहे हे दाखवून दिले आणि त्यांनी पाने मोजून दिली.

कारण साधे आहे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या जुन्या सायकली आपल्या वसतिगृहात आल्यापासून दरवर्षी हिवाळ्यातील एका रविवारी आठवी-नववीची मुले-मुली परळहून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सायकलीने जातात. दरवर्षी पालक विचारतात, “सर, मुलाबरोबर काय काय द्यायचे?” दरवर्षी मी तोंडी उत्तर देतो आणि दरवर्षी काही ना काही राहून जाते. ते एकदा लिहून ठेवावे असे फार दिवस मनात होते.

भिक्खूच्या मालकीच्या वस्तू आठ. तीन चीवरे, एक भिक्षापात्र, वासि म्हणजे वस्तरा किंवा लहान छुरी, सुई, कायबंधन म्हणजे कमरेचा पट्टा आणि परिस्सावन म्हणजे पाणी गाळण्याचे साधन. यांनाच अष्टपरिष्कार म्हणतात. परित्राणपाठाच्या वेळी किंवा संघदानाच्या प्रसंगी आपण ही नावे ऐकतो, हात जोडतो आणि विसरतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी ही यादी वेगळ्या दृष्टीने वाचतो. वर्षावासाचे तीन महिने सोडले तर आयुष्यभर पायी चालणाऱ्या माणसाचे हे प्रवासी सामान आहे. त्यातील चीवर, पात्र आणि पट्टा रोजच्या वापराचे आहेत. पण सुई कशासाठी? चीवर वाटेत फाटणार, आणि ते शिवण्यासाठी गावातल्या शिंप्याच्या दारात उभे राहावे लागू नये, यासाठी. आठांपैकी एक वस्तू निव्वळ दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली आहे. ज्याच्याजवळ जवळजवळ काहीच नसावे असा नियम, त्याच्याजवळही दुरुस्तीचे हत्यार असावे, असे भगवान बुद्धांना वाटले.

परिस्सावनाची कथा चुल्लवग्गात आहे. कोसल देशात दोन भिक्खू एका वाटेने चालले होते. त्यातील एकाचे वागणे बरे नव्हते. दुसऱ्याने त्याला समजावले, तेव्हा पहिल्याने मनात आकस धरला. पुढे समजावणाऱ्याला फार तहान लागली. त्याच्याजवळ पाणी गाळण्याचे फडके नव्हते. त्याने सोबत्याकडे मागितले. सोबत्याने दिले नाही. न गाळलेले पाणी पिऊन त्यातील जीव मारायचे नाहीत असा नियम असल्याने तो तहानलेलाच राहिला आणि वाटेत मरण पावला. ही हकीकत तथागतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. वाटेत सोबत्याने मागितले तर परिस्सावन नाकारू नये. परिस्सावनाशिवाय प्रवासास निघू नये. आणि ते नसलेच, तर संघाटीच्या पदराने पाणी गाळीन असा निश्चय करूनच निघावे.

मला प्रवासाच्या सामानाविषयी याहून नेमके मार्गदर्शन कोठे सापडलेले नाही. साधन घेतल्याशिवाय निघायचे नाही; सोबत्याला ते नाकारायचे नाही; नसेल तर त्याची जागा कशाने घ्यायची हे निघण्यापूर्वी ठरवायचे. पुढे जे लिहितो आहे ते या तीन नियमांचाच विस्तार आहे.

आपल्या मुलांना मी याच्या जोडीला दुसरा एक प्रवासही सांगतो. १९०१ साली बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर, ही महारांची मुले आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे या अटीवर. बरोबर खाण्याचे भरपूर होते. पाणी नव्हते, आणि पाणी कोणी देईना. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी ही रात्र सांगितली आहे. डबा जवळ असून मुले उपाशी झोपली, कारण पाण्यावाचून घास उतरणार नव्हता. आज परळहून बोरिवलीपर्यंत कोणत्याही टपरीवर आपल्या मुलाला पाणी मिळते. हे मला ठाऊक आहे. तरीही वसतिगृहाच्या दारातून भरलेल्या बाटलीशिवाय एकही सायकल मी बाहेर जाऊ देत नाही, आणि का, हे मुले मला विचारत नाहीत.

आता वाट. परळहून दादर, माहीम, वांद्रे, पुढे स्वामी विवेकानंद मार्गाने अंधेरी, गोरेगाव, मालाड करीत बोरिवली, तेथे रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार. तेथून आत जंगलातून लेण्यांपर्यंत आणखी सहा-सात किलोमीटर, शेवटी चढ. जाऊन-येऊन ६० ते ७० किलोमीटर धरावेत. सोमवारी उद्यान बंद असते, हे एकदा विसरून चालले नसते म्हणून सांगतो. ही काही मोठी सफर नव्हे. याच मुंबईतून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले होते. त्यांतील तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा, सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजी परतले. वाळवंटात आणि डोंगरात कोणते दुकान उघडे असणार? जे काही होते ते त्यांच्या सायकलीवरच. (कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ चे. ते पारशी प्रवाशांनीच कोरलेले. म्हणजे मुंबईच्या पारशांची प्रवासाची हौस १९२३ ची नव्हे, हजार वर्षांची आहे. मुलांना हा लेख दाखवल्यावाचून मी खाली उतरत नाही.)

सायकलीच्या वाटेत येणारे पहिले विघ्न म्हणजे पंक्चर. दहापैकी आठ वेळा दुसरे कोणते नसतेच, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

हवा भरलेले टायर हे एका पशुवैद्याचे काम आहे. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटलंडचा, बेलफास्टला जनावरांचा दवाखाना चालवणारा. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसू नयेत म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बसवली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८६ मध्ये, आपल्या परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. परंतु परळच्या मुलाला डनलॉप समजावून सांगताना समोरच्या फाटकाकडे बोट दाखवता येते. त्याआधी सायकलीची चाके घट्ट रबराची असत. ती पंक्चर होत नसत, पण हाडे खिळखिळी करीत. हवेने सुख दिले आणि त्याबरोबर पंक्चर दिले.

पंक्चरची शिकवण मला पुस्तकातून मिळालेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले. सहा महिने वाट पाहून झाल्यावर त्यांनी आणि शेजारच्या खोलीतील काकांनी मिळून रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पंप, पाण्याचे घमेले आणि पत्र्याची पेटी मांडली. वडिलांची स्वतःची सायकल हिंद कंपनीची होती. वरळीला तिचा कारखाना होता आणि १९८० मध्ये संसदेने कायदा करून तो सरकारी मालकीचा केला होता. शाळा सुटली की मी घमेल्याजवळ बसे. साच्यावर तुटलेला धागा क्षणात जोडणारी वडिलांची बोटे ट्यूबवरचे छिद्रही तशीच शोधीत. त्यांनी मला दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. “ठिगळ लावण्याआधी सोल्युशन सुकू दे, आणि टायरच्या आत बोट फिरवल्याशिवाय ट्यूब परत घालू नकोस.” चाळीस वर्षांत मला यात तिसरी भर घालावी असे वाटलेले नाही.

पंक्चरसाठी पिशवीत लागते ते असे : टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, ठिगळे, सोल्युशनची नळी, काचकागदाचा तुकडा, आपल्याच मापाची एक जादा ट्यूब आणि हातपंप. माप टायरच्या कडेवर छापलेले असते. दुकानात ‘मोठ्या सायकलीची द्या’ असे म्हणू नये, आकडा लिहून न्यावा. त्याच कडेवर हवेचा दाबही दिलेला असतो. व्हॉल्व्हकडेही लक्ष असावे. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना डनलॉप पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आतल्या पितळी नळीवर बारीक रबरी नळी चढवलेली असते, तिला दुकानात वॉलट्यूब म्हणतात. ही वॉलट्यूब फाटली की हवा जाते आणि मुले पंक्चर समजून टायर उघडत बसतात. बोटभर वॉलट्यूब कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली तर अर्धी पंक्चरे दोन मिनिटांत मिटतात. गिअरच्या नव्या सायकलींना बहुधा मोटारसायकलीसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, काही महागड्या सायकलींना अगदी बारीक. पंप घेताना त्याचे तोंड आपल्या व्हॉल्व्हवर बसते की नाही हे घरीच पाहावे. बारा सायकली आणि एक पंप अशी तुकडी निघते तेव्हा हा प्रश्न हटकून उभा राहतो.

छिद्र बुजवायचे तर चाक काढण्याची गरज नाही. रस्त्यावरचा कारागीर कधी काढत नाही. सायकल आडवी किंवा उलटी करावी, उरलेली हवा सोडून द्यावी, व्हॉल्व्हपासून दूरच्या बाजूने पट्टी घालून टायरची एकच कड रिमबाहेर काढावी आणि ट्यूब ओढून घ्यावी. तिच्यात हवा भरून ती कानाजवळ, नाहीतर ओठांजवळ फिरवावी. ओठांना गालापेक्षा जास्त कळते. घमेले असेल तर उत्तमच, पण जंगलात पिण्याचे पाणी यासाठी ओतू नये. छिद्र सापडले की तेवढी जागा काचकागदाने खरखरीत करून घ्यावी, सोल्युशनचा पातळ थर ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर लावावा, आणि थांबावे. चारपाच मिनिटे. बोट लावल्यावर ओले लागू नये, चिकट लागावे. ओल्या सोल्युशनवर ठिगळ लावले तर आतला द्रव उडून जायला वाट मिळत नाही आणि पुढच्या सिग्नलला ठिगळ सरकते. मुलांना सर्वांत जड जातो तो हा थांबण्याचा भाग. मी त्यांना तेवढ्या वेळात टायरच्या आतून कापडाने पुसून घ्यायला लावतो. काच किंवा काटा तिथेच रुतून असतो आणि तो काढला नाही तर नवी ट्यूबही शंभर पावलांत जाते.

छिद्र कुठे आहे यावरून कारण समजते, हेही मुलांना दाखवावे. बाहेरच्या बाजूला एकच छिद्र असेल तर काटा किंवा काच. शेजारी-शेजारी दोन असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली गेली. आतल्या बाजूला असेल तर एखाद्या तारेचे टोक रिममध्ये वर आले आहे, किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. कारण न पाहता केवळ छिद्र बुजवणे हा इतिहास न वाचता सनावळी पाठ करण्याचा प्रकार आहे. ट्यूब परत घालताना तिच्यात थोडी हवा ठेवावी, म्हणजे पिळ पडत नाही. टायरची कड शक्यतो अंगठ्यांनीच चढवावी आणि व्हॉल्व्हजवळ शेवट करावा. पट्टीने ओढून चढवली तर तीच पट्टी नवी ट्यूब चिमटते. टायरच चिरले असेल तर आतून जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा दुधाच्या पिशवीची घडी घालून घरापर्यंत येता येते. संघाटीच्या पदराचा नियम तो हाच.

एवढे सगळे सांगणाऱ्या या शिक्षकाची एक फजितीही लिहून ठेवली पाहिजे. पहिल्याच वर्षी गोरेगावच्या पुढे एका मुलीच्या सायकलीचे मागचे चाक बसले. मी मोठ्या डौलाने पिशवी उघडली. पट्ट्या होत्या, ठिगळे होती, पंप होता. सोल्युशनची नळी मात्र दगडासारखी. आदल्या वर्षी एकदा उघडलेली नळी मी तशीच ठेवली होती आणि ती सुकून गेली होती. जादा ट्यूब होती ती २६ इंची, मुलीचे चाक २८ इंची. रविवार सकाळ, जवळची दुकाने बंद. अकरा मुले फूटपाथवर उभी, आणि त्यांचे इतिहासाचे सर सायकल ढकलीत दुकान शोधत चाललेले. दोन किलोमीटरवर एक कारागीर भेटला. त्याने तासभरानंतर सर्वांना वाटेला लावले, पण लेण्यांपर्यंत पोहोचण्याइतका वेळ उरला नाही. आम्ही उद्यानाच्या दारातून परतलो. त्यातील तीन मुले दहावीची होती आणि त्यांना पुढच्या वर्षी यायचे नव्हते. ती मुले आज नोकरीला लागली असतील. ही स्मरणिका त्यांच्या हाती पडेल तेव्हा त्यांनी मला क्षमा करावी आणि एखाद्या रविवारी यावे, मी बरोबर येतो. तेव्हापासून नियम असा की उघडलेली नळी परत पिशवीत जात नाही, बंद नळीच जाते. आणि प्रत्येक मापाची एक ट्यूब तुकडीत असते.

बाकीची हत्यारे थोडी आहेत. चाकाच्या नटांना बहुतेक काळ्या सायकलींवर १५ मिलिमीटरचा पाना लागतो. एकच छोटा पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. गिअरच्या सायकलींना पाना चालत नाही, तिथे षटकोनी भोकांचे स्क्रू असतात. त्यासाठी चाकूसारखा मिटणारा ॲलन चाव्यांचा जुडगा मिळतो, त्यात ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या चाव्या असल्या म्हणजे झाले. जुन्या सायकलीत पेडलाचा दांडा डगमगू लागला तर त्याची कॉटर पिन सैल झालेली असते. नट घट्ट करून दगडाने दोन ठोके दिले की वेळ निभावते. साखळी उतरली तर काडीने चढवावी, नंतर हात पुसायला चिंधी हवी. ती चिंधी मुले नेहमी विसरतात आणि मग गणवेशाला पुसतात. साखळी तुटण्याचा प्रसंग विरळा. तुकडीत एकाजवळ चेनलॉक असले तरी पुरे. थोडी चिकटपट्टी आणि सुतळी असावी. नववीतल्या एका मुलीने स्वतःहून सुई-दोरा पिशवीत टाकला होता. पाठीवरच्या पिशवीचा बंद तुटतो हे तिला ठाऊक होते. अष्टपरिष्कार मी तिला नंतर सांगितले.

ब्रेकविषयी मात्र घाई करून चालणार नाही. हत्यार पिशवीत असून उपयोग नाही, ब्रेक आदल्या दिवशीच पाहावा लागतो. पूर्ण दाबला तरी ब्रेकचा दांडा आणि हँडलची मूठ यांच्यात दोन बोटांचे अंतर उरले पाहिजे. ब्रेकची रबरे रिमवर बसली पाहिजेत, टायरवर नव्हे. टायरवर घासणारे रबर एका उतारात टायर कापते. कान्हेरीहून परतताना जो उतार आहे तो चढताना कोणाच्या लक्षात येत नाही.

याच उतारावर आमच्या एका विद्यार्थ्याला अपघात झाला. त्याचा ब्रेक चांगला होता. दोष पिशवीचा होता. घरून आलेली डब्याची कापडी पिशवी त्याने हँडलला अडकवली होती. वळणावर ती झुलली, पुढच्या चाकाच्या तारांत गेली आणि चाक जागच्या जागी थांबले. सायकल थांबते तेव्हा सायकलस्वार थांबत नाही. तो हँडलवरून पुढे पडला. मनगट मोडले, हनुवटीला टाके पडले. डोक्यावर हेल्मेट होते. त्याला गेलेली चीर मी जपून ठेवली आहे आणि दरवर्षी निघण्यापूर्वी ते हेल्मेट मुलांच्या हातात फिरवतो. मुलाच्या आईला मी दूरध्वनी केला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो, “सर, तो बोलतोय का?” तो बोलत होता. कायदा सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती करत नाही. आपल्या वसतिगृहात ती आहे. पट्टे कानाखाली एकत्र यावेत, हनुवटीखाली दोन बोटे जाण्याइतकीच सैल जागा असावी, कपाळ झाकलेले असावे. मागे कलंडलेले हेल्मेट म्हणजे टोपी. एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये.

म्हणून काय न्यावे याइतकाच कोठे ठेवावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हँडलला काहीही लटकवायचे नाही, अगदी केळ्यांचा घड देखील नाही. हत्यारे सीटखालच्या छोट्या पिशवीत, डबा आणि जादा पाणी मागच्या कॅरिअरवर रबरी पट्ट्याने आवळून, पट्ट्याची टोके चाकात जाणार नाहीत अशी खोचून. पाठीवर शक्य तितके कमी. मुंबईच्या दमट हवेत पाठ भिजते आणि तोल वर जातो. ओढणी, सैल पायजमा आणि बुटाची लांब नाडी यांचीही गणना लटकणाऱ्या वस्तूंतच करावी. साखळीच्या बाजूच्या पायाला रबरबँड लावावा.

पाणी प्रत्येकी दोन बाटल्या. तासाला अर्धा लिटर या हिशेबाने, तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्यावे. एका बाटलीत घरचे मीठ-साखरेचे पाणी चालेल : एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. त्याहून जास्त मीठ घालू नये. खाण्यासाठी भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी. उद्यानात माकडांचे राज्य आहे. त्यांना पिशवीची चेन उघडता येते, आणि हातातले केळे ती मागून घेत नाहीत. लेण्यांजवळ डबा उघडू नये, खाली बसून खावे. पाणी मात्र लेण्यांतही होते. कान्हेरीला जवळपास प्रत्येक विहाराशेजारी खडकात कोरलेले टाके आहे. डोंगरावर पडणारा पाऊस पन्हळींनी त्यात उतरवलेला. शंभराहून अधिक लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंना उन्हाळा काढता यावा म्हणून केलेली ती तजवीज आहे. या डोंगरावरच्या ब्राह्मी लेखांत सोपारा, कल्याण, नाशिक, चेऊल येथील दात्यांची नावे येतात. त्यांत कल्याणच्या एका लोहाराच्या दानाचाही लेख आहे. पान्याची गोष्ट काढली की मी मुलांना त्या लोहाराचीही आठवण देतो.

परतताना अंधार होऊ नये असाच बेत असतो, तरी दिवा घ्यावा. आमच्या लहानपणी सायकलीला दिवा नसला की पोलीस हटकत. घासलेटचा कंदील किंवा डायनॅमो असे. आता बोटाएवढे बॅटरीचे दिवे मिळतात. पुढे पांढरा, मागे लाल. दोहोंतून एकच परवडत असेल तर मागचा घ्यावा. पुढचे आपल्याला दिसते, मागून येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे. घंटी हवीच. कुलूप तुकडीत दोन-तीन साखळ्यांचे पुरते, सायकली एकत्र बांधता येतात. प्रथमोपचारात जंतुनाशक, गॉज, चिकट पट्टी, एक लांब बँडेज. गोळ्या मुलांच्या हाती देऊ नयेत. दम्याचा पंप वापरणाऱ्या मुलाने तो स्वतःच्या खिशात ठेवावा आणि शिक्षकाला तसे सांगावे. मोबाइल असला तरी नाव, रक्तगट आणि घरचे दोन दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून प्लॅस्टिकमध्ये खिशात. बेशुद्ध मुलाचा मोबाइल उघडत नाही. शंभराची एक नोट वेगळी घडी करून ठेवावी.

ही यादी वाचून पालकांनी बाजारात धावू नये. पट्ट्या, पंप, पाने, चेनलॉक हे सारे शाळेच्या पेटीत आहे; बारा सायकलींमागे असे दोन संच पुरतात. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला काही द्यावेसे वाटले तर २८ इंची आणि २६ इंची ट्यूबा आणि लहान मापाची हेल्मेटे द्यावीत. नव्या सायकली देऊ केल्या जातात, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण तूर्त आपल्याकडे सायकली आहेत आणि हेल्मेटे नऊच आहेत.

पालकांनी मुलाबरोबर पाठवायचे ते एवढेच : दोन बाटल्या, डबा, रुमाल किंवा चिंधी, खिशातला कागद आणि पायात बंद बूट. निघण्याच्या आदल्या शनिवारी सायंकाळी पाच वाजता सायकली वसतिगृहामागच्या शेडमध्ये लावलेल्या असतात. त्या वेळी प्रत्येक मुलाने आपल्या सायकलीची हवा, ब्रेक आणि साखळी माझ्यासमोर तपासायची असते आणि एकदा टायरची कड काढून परत चढवून दाखवायची असते. ज्यांना ती चढवता येत नाही त्यांनी घाबरू नये. शेडमध्ये रात्री आठपर्यंत दिवा असतो, घमेले भरून ठेवलेले असते आणि मी तिथेच बसलेला असतो.